लाच मागितली, तक्रार केली, पुढे काय? वाचकांचे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून अलीकडे आलेल्या पत्रांत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाबद्दल, म्हणजे एसीबीबद्दल, बरेच प्रश्न आहेत. त्यांतले काही निवडून उत्तरं देत आहोत. व्यक्ती आणि कार्यालयं ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : वडील वारल्यावर वारस नोंदीसाठी अर्ज केला. चार गुंठे घर आणि थोडी आंब्याची कलमं, एवढीच जमीन. नोंद पुढे सरकवायला आठ हजार मागितले आहेत. एसीबीकडे गेलो तर नेमकं काय काय होतं? आणि सापळ्यातले पैसे माझेच जातात का? (वाचक, देवगड)

आधी तुमचं काम कुठल्या टप्प्यावर आहे ते कागदावर पक्कं करा. गावकामगार तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मागणारा माणूस यांतल्या कोणत्या टप्प्यावर बसला आहे, हे तक्रारीत स्पष्ट हवं. बचाव पक्षाचा ठरलेला मुद्दा असतो की ‘सापळ्याच्या दिवशी यांचं काम माझ्याकडे प्रलंबितच नव्हतं, मग मी पैसे कशाला मागू?’ म्हणून अर्जाची पोच, फेरफार क्रमांक आणि नोटिशीची तारीख सोबत न्या.

तक्रार १०६४ या टोल फ्री क्रमांकावर सांगता येते किंवा जिल्ह्याच्या युनिटमध्ये जाऊन देता येते. तुमच्यासाठी ते युनिट ओरोसला आहे. रत्नागिरीकरांसाठी रत्नागिरीत, रायगडकरांसाठी अलिबागला. ही तिन्ही युनिट ठाणे परिक्षेत्राखाली येतात. फोनवर सगळी हकिगत सांगत बसू नका. किती, कोणी, कशासाठी मागितले एवढं सांगा आणि भेटीची वेळ घ्या.

तक्रार लिहून झाली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते आणि आमच्या मते संपूर्ण प्रकरणाचा जीव या पडताळणीत असतो. दुसऱ्या एखाद्या सरकारी खात्यातले दोन कर्मचारी पंच म्हणून बोलावले जातात. तुमच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर दिला जातो, एक पंच तुमच्या सोबत येतो आणि तुम्ही त्या माणसाला भेटता किंवा फोन करता. इथेच लोक घाई करतात. आत शिरताच ‘साहेब, आठ हजार आणलेत, घ्या’ असं म्हटलं, तर मागणी त्याची राहत नाही, देऊ करणं तुमचं ठरतं. तुम्ही फक्त कामाचं विचारा : ‘माझी नोंद कुठपर्यंत आली?’ मग गप्प राहा. आकडा त्याच्या तोंडून यायला हवा. तो बोटांनी खुणा करत असेल किंवा कागदावर लिहून दाखवत असेल, तर ते तुम्ही आवाजात उच्चारा : ‘पाच म्हणताय का साहेब?’ त्यावर तो ‘हो’ म्हणाला, तर ते रेकॉर्ड होतं. घासाघीस होऊन आठाचे पाच झाले, तर सापळ्यासाठी पाचच न्यायचे. पडताळणीतला आणि सापळ्यातला आकडा जुळला पाहिजे.

तुमच्याकडचं बोलणं बहुधा मालवणीत होईल. त्याचं लेखी उतारपत्र तयार होतं तेव्हा ते प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू देऊ नका. बोललं तसंच उतरलं पाहिजे, कारण कोर्टात रेकॉर्डिंग आणि कागद शेजारी शेजारी ठेवून तपासतात.

सापळ्याच्या दिवशी नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहिले जातात आणि नोटांना पावडर लावली जाते. फिनॉल्फ्थॅलिन असेल तर ती पांढरी पूड असते आणि सोडिअम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवला की पाणी गुलाबी होतं. अँथ्रासीन असेल तर अतिनील दिव्याखाली निळसर चमक दिसते. पावडर लावणारा कर्मचारी पुढे पथकासोबत जात नाही, म्हणजे त्याच्या हाताची पूड दुसरीकडे लागल्याचा आक्षेप राहत नाही. तोच नोटा तुमच्या खिशात ठेवतो. मागणी होईपर्यंत त्या खिशाला हात लावायचा नाही. त्या माणसाशी हस्तांदोलनही करायचं नाही, कारण पूड तेवढ्यानेही लागते आणि मग ‘हात मिळवला म्हणून लागली’ हा बचाव तयार होतो.

आत गेल्यावरही त्याने मागू द्या, मगच द्या. कित्येकदा तो स्वतः हात लावत नाही, ‘ड्रॉवरमध्ये टाका’ किंवा ‘बाहेर शिपायाकडे द्या’ म्हणतो. अशा वेळी मोठ्याने विचारा : ‘साहेब, शिपायाकडे देऊ?’ पैसे कोणाच्या सांगण्यावरून कोणाच्या हातात गेले, हे आवाजात आलं पाहिजे. मग ठरलेली खूण करा. पुढचं पथक बघतं.

आपल्या वाडीत अनोळखी गाडी पाच मिनिटं उभी राहिली तरी चौकशी सुरू होते. त्यामुळे जागा निवडताना गावाची माहिती अधिकाऱ्यांना तुम्हीच द्या : बाजाराचा दिवस कोणता, कार्यालयाला मागचं दार आहे का, एसटी किती वाजता येते. आणि भावालासुद्धा सांगू नका.

पैशांचं म्हणाल तर सापळ्यातल्या नोटा मुद्देमाल म्हणून जमा होतात आणि तेवढी रक्कम विभाग तुम्हाला सरकारी निधीतून परत करतो. जबाब देतानाच त्याबद्दल विचारून ठेवा.

समजा त्याला संशय आला आणि त्याने पैसे घेतलेच नाहीत. तरी पडताळणीत मागणी स्पष्ट आली असेल तर गुन्हा दाखल होऊ शकतो. लाच मिळवण्याचा प्रयत्न हाही १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खाली गुन्हाच आहे. शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षं.

प्रश्न : मोजणीसाठी मी गेल्याच आठवड्यात पैसे देऊन बसलो. आता तक्रार केली तर मीच अडकेन, असं सगळे सांगतात. (वाचक, गुहागर)

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा झाला आहे, त्यामुळे सगळे म्हणतात त्यात तथ्य आहे. पण कलम ८मध्येच वाट ठेवलेली आहे. तुम्हाला लाच देणं भाग पाडलं गेलं असेल आणि दिल्या दिवसापासून ७ दिवसांच्या आत तुम्ही पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर ते कलम तुम्हाला लागत नाही. म्हणून आजच लेखी द्या आणि पोच घ्या. आधी यंत्रणेला कळवून मग सापळ्यात दिलेल्या पैशांना तर हे कलम लागूच होत नाही.

प्रश्न : मला कोणाला पकडून द्यायचं नाही. गावात राहायचं आहे. फक्त दाखला वेळेत हवा. (वाचक, श्रीवर्धन)

मग महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा केंद्रातून करा, तोंडी किंवा साध्या कागदावर नको. अर्ज क्रमांक आणि सेवेची मुदत लिहिलेली पोच मिळाली नाही, तर पुढचं अपील कशाच्या जोरावर करणार? मुदत उलटली किंवा अर्ज कारण न देता नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं अपील राज्य सेवा हक्क आयोगाकडे ६० दिवसांत. कोकण महसूल विभागासाठी स्वतंत्र आयुक्त आहेत. कसुरीबद्दल ५०० ते ५,००० रुपये दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जातो.

गावातले संबंध न बिघडवता काम होण्याचा हा मार्ग फार कमी लोक वापरतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. पहिल्या अपिलाची प्रत टेबलावर पोचली की बऱ्याच फायली हलतात.

प्रश्न : आमच्याकडे रंगेहाथ पकडलेला कर्मचारी वर्षभरात पुन्हा खुर्चीवर बसला आणि काही वर्षांनी सुटलाही. मग या विभागाचा उपयोग काय? (वाचक, चिपळूण)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुर्चीवर परत येणं हा निर्दोष ठरल्याचा पुरावा नाही. ४८ तासांहून जास्त कोठडी झाली की कर्मचारी आपोआप निलंबित मानला जातो. पण निलंबन कायम चालू ठेवता येत नाही. अजयकुमार चौधरी प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे रेटता येणार नाही, आणि दिलं असेल तर मुदतवाढीची कारणं लेखी द्यावी लागतील. म्हणजे खातं वेळेत कागद करत नाही, त्याचा फायदा आरोपीला मिळतो. त्याला परत घेतलंच तर लोकांशी संबंध येणार नाही अशा अकार्यकारी पदावर घ्यावं, अशी मागणी ग्रामस्थ लेखी करू शकतात आणि करावी.

आता सुटण्याचं. पहिली अडचण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९च्या मंजुरीची. आरोपीला नोकरीवरून काढण्याचा अधिकार ज्या अधिकाऱ्याला आहे, त्याच्या मंजुरीशिवाय कोर्ट खटल्याची दखल घेत नाही. त्यासाठी ३ महिने, कायदेशीर सल्ला लागला तर आणखी १ महिना, अशी मुदत आहे. विजय राजमोहन प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक ठरवली, पण ती उलटल्याने खटला रद्द होत नाही, उशीर करणारा अधिकारी जबाबदार धरला जातो, असंही म्हटलं. मंजुरी चुकीच्या अधिकाऱ्याने दिली, तर वर्षानुवर्षं चाललेला खटला निष्फळ ठरतो.

दुसरी अडचण मागणी सिद्ध होण्याची. नोटा खिशात सापडल्या, पाणी गुलाबी झालं, एवढ्यावर शिक्षा होत नाही. पी. सत्यनारायण मूर्ती प्रकरणात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. आरोपी सहज म्हणतो, ‘उसने दिले होते ते परत केले.’ मग बोलणं कुठे आहे, पंचाने काय ऐकलं, इथे सगळं येऊन थांबतं. पडताळणीला आम्ही इतकं महत्त्व देतो ते यासाठीच.

तिसरी अडचण सर्वांत दुखरी आहे : तक्रारदार फितूर होतो. साक्ष काही वर्षांनी येते. तोवर आरोपीचे नातेवाईक दहा वेळा घरी येऊन गेलेले असतात, गावकी मध्यस्थी करते, काम तर झालेलंच असतं. तक्रारदाराला दोष देणं सोपं आहे, पण त्याला इतकी वर्षं ताटकळत कोण ठेवतं? कायदा म्हणतो की खटला २ वर्षांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा आणि मुदतवाढी धरूनही साधारणपणे ४ वर्षांपलीकडे जाऊ नये. नीरज दत्ता प्रकरणात (१५ डिसेंबर २०२२) घटनापीठाने थोडा आधार दिला आहे. तक्रारदार वारला, फितूर झाला किंवा साक्षीला येऊ शकला नाही, तरी पंचांच्या साक्षीवरून आणि परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. तक्रारदाराने सुरुवातीलाच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३खाली मॅजिस्ट्रेटसमोर जबाब नोंदवून घ्यायची विनंती करावी. पुढे दबाव आलाच, तर ‘मॅजिस्ट्रेटसमोर सांगून बसलोय’ हे उत्तर उपयोगी पडतं.

आणखी एक. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली अपिलं ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईतच.

प्रश्न : एजंटने गुगल पेवर पैसे मागितले. माझ्याकडे फोनचं रेकॉर्डिंग आहे. चालेल का? (वाचक, मालवण)

चालेल, पण जपलंत तर. ज्या फोनमध्ये रेकॉर्ड झालं तो फोन विकू नका, रिसेट करू नका, फाइल कापून छोटी करू नका. व्हॉट्सअॅपवरून चार जणांना पाठवून मूळ फाइल उडवणं ही नेहमीची चूक. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग उपकरण ताब्यात असणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. मूळ उपकरणच नसेल तर प्रमाणपत्र कशाचं देणार?

एजंट सरकारी नोकर नाही म्हणून तो सुटत नाही. लोकसेवकावर वजन टाकून काम करून देतो म्हणत पैसे घेणाऱ्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७अ आहे. मात्र त्याच्या मागच्या साहेबापर्यंत पोचायचं असेल तर एजंट आणि साहेब यांच्यातला दुवा लागतो : दोघांचे फोन, एजंटने ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हटल्यानंतर साहेबाच्या वागण्यात झालेला बदल, फाइलवरच्या तारखा. म्हणून पैसे पाठवण्याआधी तक्रार करा. पाठवल्यावर केलीत तर एजंट एकटा सापडतो.

प्रश्न : पकडले जातात ते तलाठी, ग्रामसेवक, हवालदार. किनाऱ्यावरच्या जमिनींचे मोठे व्यवहार करणारे का नाहीत? (वाचक, अलिबाग)

सापळा हे साधनच मुळी समोरासमोर मागणाऱ्यासाठी आहे. मोठ्या जागेवरचा माणूस असं तोंडाने मागत नाही, निर्णयातून देतो-घेतो. अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची वा शिफारशीची चौकशी करायची तर कलम १७अप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागते. ज्या सरकारच्या निर्णयाबद्दल शंका, त्याच सरकारकडे परवानगी मागायची, ही रचना आम्हाला मुळातच चुकीची वाटते. जागेवर लाच घेताना पकडलं तर ही परवानगी लागत नाही, त्यामुळे यंत्रणेचा ओघ साहजिकच सापळ्यांकडे वळतो. गुन्ह्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात वरच्या क्रमांकावर दिसतो, तो मुख्यतः सापळ्यांमुळे.

मोठ्यांसाठी हत्यार आहे ते बेहिशेबी मालमत्तेचं, कलम १३(१)(ब). त्यात नागरिक खरी मदत करू शकतात. ‘त्याने खूप कमावलंय’ अशा अर्जावर कोणी काही करू शकत नाही. सातबारा, फेरफार, नोंदणी खात्याकडचा सूची क्रमांक दोन, कोणत्या नातेवाइकाच्या नावावर कोणत्या वर्षी किती क्षेत्र आलं, असा तक्ता करून द्या. नात्याचा पुरावा जोडा. त्यावर आधी गुप्त चौकशी, मग उघड चौकशी आणि तथ्य दिसलं तर गुन्हा, असा क्रम असतो. उघड चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

प्रश्न : हाँगकाँगला लाचखोरी आवरणं जमलं, ते इतर विकसनशील देशांना का जमत नाही? महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी विचारत आहे. (वाचक, रत्नागिरी)

हाँगकाँगचं उदाहरण सगळे देतात, पण तिथे काय केलं ते फार कमी जण सांगतात. १९७३ साली पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी चालू असतानाच ब्रिटनला पळाला. लोक रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी १९७४मध्ये स्वतंत्र आयोग स्थापन झाला. तो पोलिसांच्या बाहेर होता, हे पहिलं. दुसरं म्हणजे त्याचे तीन विभाग केले : एक तपासाचा, एक सरकारी कार्यपद्धतीतल्या फटी बुजवणारा आणि एक लोकांत जाऊन काम करणारा. आपल्याकडे भर पहिल्यावरच राहिला. तिथेही सगळं सुरळीत नव्हतं. १९७७मध्ये पोलिसांनीच आयोगाच्या कार्यालयावर चाल केली आणि गव्हर्नरला जुन्या गुन्ह्यांना अंशतः माफी द्यावी लागली.

इतर ठिकाणी काय घडलं? संस्था काम करू लागली की तिचेच पंख छाटले गेले. इंडोनेशियाचा केपीके हा आयोग २००२च्या कायद्याने आला. त्याने मंत्री, खासदार, राज्यपाल तुरुंगात धाडले आणि त्याच्या खटल्यांत जवळपास सगळ्यांना शिक्षा होत असे. २०१९मध्ये कायदा बदलून त्याच्यावर देखरेख मंडळ बसवलं आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना सरकारी नोकरांच्या चौकटीत आणलं. २०२१मध्ये एका चाचणीचं निमित्त करून पन्नासहून अधिक जणांना काढलं, त्यांत गाजलेले तपास अधिकारी होते. दक्षिण आफ्रिकेत ‘स्कॉर्पियन्स’ हे भ्रष्टाचार तपासणारं पथक सत्ताधारी पक्षाचे नेते जेकब झुमा यांच्या मागे लागलं. झुमा पक्षाध्यक्ष झाले आणि पथक बरखास्त झालं. त्याच्या जागी पोलिसांच्या अखत्यारीत ‘हॉक्स’ आलं, आणि त्याला पुरेसं स्वातंत्र्य नाही असं तिथल्या घटना न्यायालयाने २०११मध्ये ठरवलं. नायजेरियात तिथल्या आर्थिक गुन्हे आयोगाचे प्रमुख नुहू रिबाडू यांनी २००७च्या डिसेंबरात माजी राज्यपाल जेम्स इबोरी यांना अटक केली. त्याच महिन्यात त्यांना ‘प्रशिक्षणाला’ पाठवण्याचा आदेश निघाला. इबोरी नायजेरियाच्या कोर्टात सुटले आणि २०१२मध्ये लंडनच्या कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. आरोपी तोच आणि पैसाही तोच, पण तपास करणाऱ्याला हलवण्याची ताकद लंडनमध्ये कोणाच्या हातात नव्हती.

आपल्या शेजारचं उदाहरणही प्रकल्पात घ्या. कर्नाटकात लोकायुक्तांकडे पोलीस शाखा होती आणि अवैध खाणींवरचा त्यांचा २०११चा अहवाल गाजला. २०१६मध्ये सरकारने वेगळी एसीबी काढून तपास तिकडे वळवला. ऑगस्ट २०२२मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती एसीबीच रद्द केली. महाराष्ट्रात १९७१ साली लोकायुक्त कायदा झाला, देशात सर्वांत आधी अमलात आलेल्यांपैकी, पण त्या कायद्याने लोकायुक्त फक्त शिफारस करू शकतात. आपली एसीबी गृह खात्याखाली आहे आणि तिथले अधिकारी प्रतिनियुक्तीवर येऊन पुन्हा पोलीस दलात परततात. ज्यांच्या हाताखाली उद्या काम करायचं आहे, त्यांची चौकशी आज किती निर्भयपणे होईल?

प्रकल्पासाठी निकष हवे असतील तर सापळ्यांचा आकडा बाजूला ठेवा. प्रमुखाला मुदतीआधी कोण हलवू शकतं, खटल्याची मंजुरी कोणाच्या हातात आहे, पैसा कोण देतं आणि पकडलेल्या प्रकरणानंतर ती कार्यपद्धती बदलली का, हे चार प्रश्न प्रत्येक देशाला विचारा. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा निर्देशांक (२०२४मध्ये भारत ३८ गुण, १८० देशांत ९६वा) वापरताना एवढं लिहा की त्यात तज्ज्ञ आणि उद्योजकांचं मत मोजलेलं असतं, तलाठी कार्यालयातला अनुभव नव्हे.

प्रश्न : मी मुंबईत राहते, गावी फक्त गणपतीत येणं होतं. तक्रार इथून करता येईल का? नाव न देता? (वाचक, मूळ गाव राजापूर)

मुंबईतून १०६४वर करता येईल. वरळीला विभागाचं मुख्यालयही आहे. निनावी मात्र नको. निनावी पत्रावर फार तर गुप्त चौकशी होते, सापळा लागत नाही, कारण पंचांसमोर बोलायला तक्रारदार लागतो. पडताळणी फोनवरही होऊ शकते : पंचांसमोर स्पीकर चालू करून बोलायचं आणि ते रेकॉर्ड करायचं. पैसे देण्याच्या दिवशी तुम्हाला गावी यावं लागेल. सुट्टी ठरली की ‘मी अमुक तारखेला येते’ एवढंच त्या माणसाला कळवा, आणि विभागाला त्याच्या निदान आठवडाभर आधी. चतुर्थीच्या दिवसांत सरकारी पंच मिळणं कठीण जातं.